राजमा क्रमांक सहा

आमच्या घरात राजमा कुणालाच आवडत नव्हता. तरी अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये फ्रीझर उघडला की राजम्याचे डबे दिसायचे आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेल्या आईच्या यादीत त्यांची नोंदही असायची. राजमा एक, राजमा दोन, राजमा तीन. डबे दह्याचे. इंडियन ग्रोसरीतून आणलेलं दही संपलं की आई ते पांढरे, आतलं काही दिसू न देणारे डबे धुऊन ठेवायची, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि काळ्या पेनने ठसठशीत अक्षरात लिहायची, राजमा. आत मोठ्याच्या मटणाचा इस्टू असायचा. मोठ्याचं म्हणजे गाईबैलाचं. अमेरिकेत त्याला बीफ म्हणतात आणि दुकानात थर्माकोलच्या तबकात प्लास्टिकखाली राजरोस मांडून ठेवतात. आमच्या घरी मात्र त्याचं नाव राजमा.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. माझी आजी मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. तिथल्या अमेरिकन मॅडमनी तिला स्ट्यू शिकवला, तो तिला आजाऱ्याच्या पेजेसारखा लागला म्हणून तिने त्यात आपल्या मनाने काय काय घातलं आणि त्याचा इस्टू केला. आईने तो तिच्याकडून घेतला. पप्पांना शिकागोजवळ नोकरी लागली आणि मी अकरा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, तेव्हा इस्टूही आमच्याबरोबर जिथून निघाला होता तिथे परत आला. हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की रविवारी चर्चहून आलं की इस्टू आणि ब्रेड.

खोटं कसं सुरू झालं ते मी पाहिलं आहे. आम्ही येऊन महिनाही झाला नव्हता. पार्किंग लॉटच्या पलीकडच्या बिल्डिंगमधल्या लिमये काकू शिऱ्याचा डबा घेऊन आल्या. मूळच्या पुण्याच्या, उंच, मोठ्या आवाजाच्या, स्वयंपाकघरात शिरल्यावर दोन मिनिटांत ते स्वतःचं करून टाकणाऱ्या. आईला मराठी बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून ती इतकी हरखली होती की चहात दोनदा साखर घातली. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळल्यावर काकू अगदी सहज म्हणाल्या, "हो का? मग तुमच्याकडे ख्रिसमसला करंज्या असतील! मी येणारच. पण विजयाताई, एक विचारू? राग नका मानू हं. तुम्ही ते... मोठं वगैरे नाही ना खात?"

आई म्हणाली, "नाही हो. आम्ही आपलं चिकन-मटण. तेही रविवारचं."

"बाई, बरं झालं. म्हणजे मी जेवायला यायला मोकळी. तुम्ही फक्त माझं पातेलं वेगळं ठेवा."

एवढंच. त्यानंतर चार वर्षं त्या दोघी रोज संध्याकाळी पार्किंग लॉटला फेऱ्या मारत होत्या. काकूंचं वेगळं पातेलं आमच्या ओट्याखाली कायमचं राहायला आलं. आई वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या गावातल्या सुपरमार्केटमधून हे मटण आणायला लागली, कारण जवळच्या दुकानात कोण कधी भेटेल सांगता येत नसे. इस्टू शिजताना चिमणीचा पंखा मोठ्यावर, खिडक्या उघड्या, हिवाळ्यातसुद्धा. मी कोट घालून गृहपाठ केलेला आहे. आधी तेलात मटणाचे मैद्यात घोळवलेले तुकडे पडल्याचा चर्र आवाज, थोड्याथोड्या वेळाने तोच आवाज, कारण आई एका वेळी पाच-सहाच तुकडे घालायची. मग कांदा. मग झाकण, आणि पुढचे तीन तास नुसती बारीक बुडबुड. मी जवळ जाऊन कधी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, हे आता म्हणण्यात अर्थ नाही.

मी पंधरा वर्षांची असताना आजी आजारी पडली आणि आई सहा आठवड्यांसाठी नगरला गेली. जाण्याआधी तिने यादी केली. लॉन्ड्रीची नाणी कुठे, माझा दातांच्या डॉक्टरचा दिवस कोणता, पप्पांच्या कुठल्या शर्टाला इस्त्री लागत नाही. मी याद्या करणारी बाई झाले ती हिच्यामुळे. यादीच्या तळाशी होतं : राजमा सहा डबे, दर रविवारी एक. सहा रविवार संपायच्या आत मी परत.

पाच डबे संपले. सहाव्या रविवारच्या आधी, मंगळवारी, मामाचा फोन आला. आजी बरी होत होती. आई सकाळी अंगणात खुर्चीवर बसली होती, ती बसल्या जागीच गेली. हृदय बंद पडलं.

आम्ही गेलो नाही. हे वाक्य मी बऱ्याच लोकांना बऱ्याच पद्धतीने समजावून सांगितलं आहे, इथे एकदाच सांगते. पप्पांच्या ग्रीन कार्डचे कागद अशा टप्प्यावर होते की देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज रद्द. परत यायला व्हिसाचा नवा शिक्का लागणार आणि त्या वर्षांत तो कधी मिळेल, मिळेल की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. पप्पांनी ऑफिसच्या वकिलाला दोनदा फोन केला. दुसऱ्या फोननंतर रिसीव्हर जागेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी शाळा संपायला किती दिवस आहेत?" मी म्हणाले, तीन आठवडे. त्यांनी मान हलवली, जणू माझ्या उत्तराने काहीतरी ठरलं.

आईची अंत्यविधीची उपासना आम्ही स्पीकरफोनवर ऐकली. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळचे साडेसहा. पाळकांची प्रार्थना ऐकू आली, मग गाणं सुरू झालं, मग परदेशी फोनसाठी विकत घेतलेल्या कॉलिंग कार्डातली बाई गोड आवाजात इंग्रजीत म्हणाली की तुमचं एक मिनिट उरलं आहे. पप्पा दुसरं कार्ड शोधायला उठले. त्यावरचा नंबर खरवडून पुन्हा फोन लावेपर्यंत मामा म्हणाला, झालं. साडेसात वाजता मी स्कूल बसमध्ये होते. कुणी जा म्हणालं नव्हतं, कुणी थांब म्हणालं नव्हतं. त्या दिवशी माझी भूमितीची टेस्ट होती. तीत मला ब्याण्णव मिळाले.

काकूंना कळलं तशा त्या पायातल्या घरच्या सपाता न बदलता धावत आल्या. पप्पांना म्हणाल्या, "तुमच्यात किती दिवसांचं असतं?"

"आमच्यात तसं सुतक वगैरे काही नसतं, वहिनी."

"नसू दे. दहा दिवस या घरात गॅस पेटणार नाही. मी बघते." आमचा स्टोव्ह विजेचा होता, पण काकू त्याला गॅसच म्हणायच्या.

आणि त्यांनी बघितलं. मराठी मंडळातली घरं वाटून घेतली. कुणाची खिचडी, कुणाचं पिठलं, कुणाची पोळी-भाजी. कोण काय आणतंय आणि कुणाचे डबे परत करायचे आहेत, याचा तक्ता मी केला. आईच्या यादीशेजारी तो लावला. तो तक्ता बघून मंडळातल्या एक बाई काकूंच्या कानात म्हणाल्या, "पोरगी रडली का हो?" काकू म्हणाल्या, "रडेल. तुम्ही भाजीचं झाकण लावा." मी रडले नाही. मला काहीच होत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात, तसं माझं सगळं अंग झालं होतं. कुणी हात धरला की हात धरलेला आहे हे कळायचं, तेवढंच.

फ्रीझर मी रोज एकदा उघडून बघायचे. राजमा सहा. डबा जागेवर आहे हे पाहिलं की दार बंद. त्याचं काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. तो खायचा नव्हता एवढं नक्की.

दहाव्या दिवशी मी शाळेतून आले तर हॉलमध्ये सात-आठ माणसं बसली होती. लिमये काका, पुण्याहून सुनेकडे आलेले काकूंचे सासरे अप्पा, मंडळातली दोन जोडपी. पप्पा मधोमध, परक्या घरी आल्यासारखे. काकू स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर एक रिकामा दह्याचा डबा होता, चिकटपट्टी माझ्याकडे तोंड करून. स्टोव्हवर त्यांचं ते वेगळं पातेलं, झाकण घातलेलं.

"आलीस? हात धू," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते पण आवाज नेहमीसारखाच होता. "बघ, आज दहावा. मला वाटलं, आज ताईंच्या हातचं काहीतरी सगळ्यांच्या पानात पडावं. फ्रीझर उघडला तर हा राजमा! देवानेच ठेवल्यासारखा. चमचा-चमचाच येईल, पण येईल. अप्पासुद्धा म्हणाले, मला वाढा. ते कधी कुणाकडचं शिजवलेलं खात नाहीत, माहीतेय ना तुला?"

मी दप्तरही खाली ठेवलं नव्हतं. काकूंनी झाकण उचललं. मधे बर्फाचा तपकिरी गोळा तसाच होता आणि कडेने रस्सा सुटायला लागला होता. काकू स्वयंपाक करताना कधी चाखत नसत. देवाला दाखवायच्या आधी उष्टं होतं म्हणून लहानपणापासूनची सवय. मीठसुद्धा त्या वासावर ओळखायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत. आता त्यांनी पातेल्यावर वाकून हाताने वाफ नाकाकडे ओढली.

"मिरं. तमालपत्र. दालचिनी, पण थोडी. आणि आंबट काय गं हे? चिंच नाही. व्हिनेगर? ताई राजम्यात व्हिनेगर घालायच्या?" पुन्हा वाकल्या. "अजून एक काहीतरी आहे ओळखीचं... आणि फ्रीझरचा वास लागलाय जरा."

मला पुढचं सगळं दिसत होतं. गप्प राहिले तर बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे फार तर दहा मिनिटं. मग काकूंना कळेल, किंवा कळणार नाही आणि अप्पांच्या पानात चमचा पडेल. बोलले तर आई खोटारडी ठरणार, चार वर्षं रोज संध्याकाळी खोटं बोललेली, आणि आता उत्तर द्यायला ती इथे नाही. दोन्हीकडे डबा जाणार होता. तो तर गेलाच होता, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हे आईच्याच यादीत लिहिलेलं.

मी म्हणाले, "काकू, तो राजमा नाहीये."

"मग काय आहे? छोले?"

"मटण आहे. मोठ्याचं."

त्यांना शब्द कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. "मोठ्याचं म्हणजे?"

"बीफ, काकू. आई राजमा लिहायची. तुम्हाला कळू नये म्हणून."

काकूंनी झाकण ठेवलं. आवाज न करता ठेवलं. स्टोव्ह बंद केला. सिंकपाशी जाऊन भांड्याच्या साबणाने हात धुतले, पुसले, आणि परत धुतले. माझ्याकडे पाहिलं नाही. मग पदर नीट करून त्या हॉलच्या दारात गेल्या आणि मला त्यांचा नेहमीचा मोठा आवाज ऐकू आला. "राजमा खराब निघाला हो. वास येतोय. नाही वाढत मी कुणाला. वरण-भात आहे, तेवढा खाऊन घ्या."

अप्पा म्हणाले, "अरेरे. त्यांच्या हातचा होता."

"हो ना," काकू म्हणाल्या.

सगळी गेली तेव्हा सहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. काकू सगळ्यांबरोबर गेल्या. पातेलं तसंच ठेवून. मी पप्पांना सांगितलं. त्यांनी झाकण उचलून पातेल्यात पाहिलं. "तू स्वतःहून सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस." मग, "तुझ्या आईला नसतं आवडलं."

"माहितेय."

"गरम कर. टाकायचं नाही."

आम्ही दोघांनी ते खाल्लं, पातेल्यातूनच दोन बशांत घेऊन, ब्रेडबरोबर. मी उजव्या हाताने खात होते आणि डाव्या हाताशी वही होती. आईने इस्टू कुठेच लिहून ठेवला नव्हता. बाकी सगळं लिहिलं होतं, पण जे लपवायचं ते कोण लिहितो? म्हणून मी लिहीत होते. मटण, तुकडे साधारण दीड इंच. गाजर. बटाटा. लहान कांदे, अख्खे. मिरं, तमालपत्र, दालचिनी, व्हिनेगर. प्रत्येक घासाला थांबून, यात अजून काय आहे, यात अजून काय आहे. दहा ओळी झाल्या. त्या मला आजही पाठ आहेत. चव आठवत नाही. आईच्या हातचा शेवटचा इस्टू मी खाल्ला आणि तो कसा लागला ते मला सांगता येत नाही. पप्पांनी बशी ब्रेडने पुसून खाल्ली, उठले आणि टीव्हीवर हवामानाचा अंदाज लावला.

काकू त्यानंतर आल्या नाहीत. सगळा उन्हाळा. पार्किंग लॉटमध्ये त्या एकट्याच फेऱ्या मारायच्या, आमच्या खिडकीखालून जाताना वर न बघता. मंडळात मात्र कुणालाच काही कळलं नव्हतं. गणपतीत सगळे आमच्याशी पूर्वीसारखेच वागले आणि त्यावरून मला समजलं की काकूंनी ते कुणालाही, अगदी लिमये काकांनाही, सांगितलेलं नाही.

इस्टू मी तीनदा करून पाहिला. दहा ओळींप्रमाणे, एका वेळी पाच-सहा तुकडे. पप्पांनी तिन्ही वेळा खाल्ला आणि तिन्ही वेळा म्हणाले, "चांगला झालाय." एखाद्या हॉटेलबद्दल म्हणावं तसं. काहीतरी कमी होतं. तिसऱ्यांदा त्यांनी बशीत थोडा शिल्लक ठेवला. त्यांनी काही शिल्लक ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वजन इतकं उतरलं होतं की पट्ट्याला घरीच खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. आई गेल्यापासून ते वाढलेलं जेवत होते, भूक लागलीय असं एकदाही म्हणाले नव्हते.

ऑक्टोबरात एका शनिवारी मी ते पातेलं घासून, पुसून, कागदी पिशवीत घालून पलीकडे गेले. काकूंनी दार उघडलं. पिशवीत डोकावलं.

"ते ठेव तुमच्याकडेच. मला आता कशाला?"

"बरं," मी म्हणाले आणि तिथेच उभी राहिले.

"अजून काय?"

"काकू, सॉरी."

"तू कशाला सॉरी? तू सांगितलंस." त्या दाराला टेकल्या. "चार वर्षं गं! मासिक पाळीपासून नवऱ्यापर्यंत सगळं बोललो आम्ही, आणि हे नाही? मी काय तिला खाऊ नको म्हणणार होते?"

मी विचार केला. "म्हणाला असतात बहुतेक."

काकू म्हणाल्या, "हो. म्हणाले असते. आणि येणंही बंद केलं असतं, आत्ता केलं तसं." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "आत ये. थंडी आत येतेय."

आत टेबलाशी बसल्यावर मी वही काढली. मला दुसरं काही येत नव्हतं. मी म्हणाले की दहा गोष्टी मिळाल्या आहेत, अकरावी मिळत नाही, आणि त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, अजून एक काहीतरी आहे ओळखीचं. पप्पा जेवत नाहीत.

"म्हणजे त्या... त्याच्यात काय होतं ते मी सांगू? मी? कार्टे, काही वाटतं का तुला?"

"तुम्ही चाखलं नाही, काकू. फक्त वास घेतलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खरंच डोळे मिटले. जेवणापूर्वी आमच्याकडे प्रार्थनेला मिटतात तसे. मग एकदम डोळे उघडून त्या म्हणाल्या, "दगडफूल!"

मला ते काय ते माहीत नव्हतं. काकू उठल्या, वरच्या कपाटातून एक डबी काढली. आत वाळक्या सालींसारखं काळं-करडं काहीतरी, झाडाच्या खोडावरून खरवडल्यासारखं. "गोड्या मसाल्यात घालतात. आमच्या आईचा मसाला यावाचून व्हायचा नाही. हे इथे डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानांतही धड मिळत नाही, मी पुण्याहून आणवते." मग त्यांचा हात डबीवरच थांबला. "मीच दिलं होतं तिला. वाटीभर. म्हणाली होती, माझ्या आईच्या एका पदार्थात लागतं. मी म्हटलं, घे की." त्या खुर्चीत बसल्या. "माझं दगडफूल त्यात घातलं बाईनं! चार वर्षं! आणि वर मला येऊन सांगायची, वहिनी, तुमच्या दगडफुलाला काय वास आहे हो."

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, मोठ्या आवाजात, कपाळ टेबलावर टेकून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे कोरडेच होते. माझं रडू बऱ्याच वर्षांनी, भलत्याच कारणाने, एका विमानतळावर आलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

निघताना काकूंनी माझ्या वहीत अकरावी ओळ स्वतः लिहिली, पुण्याच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. दगडफूल, चिमूटभर, तेलात परतून. आणि डबी हातात देत म्हणाल्या, "कशात घालणार ते मला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पप्पा चर्चहून आले, बूट काढता काढता दारातच थांबले आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. खिडक्या मी बंद ठेवल्या होत्या. "किती वेळ आहे अजून?" त्यांनी विचारलं. "भूक लागलीय."

लिमये काका-काकू आता पुण्याला परत गेले आहेत, काकूंना दिसायला कमी झालं आहे. पातेलं माझ्याकडे आहे. दरवर्षी तिकडून कुणी येणारं असलं की त्यांच्याबरोबर काकू माझ्यासाठी एक पुडी पाठवतात. वर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर ठसठशीत, आता जरा थरथरत्या अक्षरात लिहिलेलं असतं : राजमा मसाला.